खिशात काय, ट्रेमध्ये काय, लॉकरमध्ये काय

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून खासगी हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात नुकत्याच लागलेल्या एका सिस्टरचा हा प्रश्न आहे. युनिफॉर्म ट्युनिक-पँटचा, खाली दोन खिसे आणि छातीवर एक छोटा. खिशांत कात्री, मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी), टूर्निकेट (शीर फुगवायला दंडाला बांधायचा पट्टा), तीन-चार कॅन्युला (शिरेत घालायच्या बारीक नळ्या), सिरिंज, भरून ठेवलेला फ्लश (नळी धुवून मोकळी ठेवायची सलाईनची सिरिंज), ग्लोव्हजच्या दोन जोड्या, पेनं आणि मोबाईल. वाकलं की काहीतरी खाली पडतं, हवी ती वस्तू हवी तेव्हा हाताला लागत नाही आणि इन्चार्ज सिस्टर ‘खिसा आहे की स्टोअररूम’ म्हणून ओरडतात. ऑनलाइन मिळणारा कमरेचा पाउच घ्यावा का, आणि मंगळसूत्र, घड्याळ, पर्स यांचं काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

पाउचबद्दल पुढे लिहिते. आधी एक गोष्ट: तुमची अडचण खिसे लहान असण्याची नाही. ट्रॉली वॉर्डाच्या एका टोकाला, स्टॉकचं कपाट दुसऱ्या टोकाला आणि पेशंट मध्ये पसरलेले. दर वेळी हेलपाटा नको म्हणून जे लागेलसं वाटतं ते खिशात जातं. म्हणजे ट्रेचं काम खिसा करतोय. पाउच घेतलात तर तोच साठा खिशातून कमरेवर येईल, बाकी काही बदलणार नाही. ट्रे नीट लागला की खिशातलं निम्मं सामान आपसूक कमी होतं आणि मग उरलेल्यासाठी साधे दोन खिसे पुरतात.

काही गोष्टी मात्र तुमच्या हॉस्पिटलवर अवलंबून आहेत. खासगीत बहुतेक सामान पेशंटच्या नावावर मागणी (इंडेंट) होऊन फार्मसीतून येतं, त्यामुळे खिशातली कॅन्युला कोणाच्या बिलातली हा प्रश्न येतो. सरकारीत तो प्रश्न नसतो, पण तिथे सामान संपेल या भीतीने लोक साठा करतात. आयसीयूत प्रत्येक बेडला स्वतःची ट्रॉली असते, तिथे खिसे जवळजवळ रिकामे ठेवता येतात. ३० बेडच्या जनरल वॉर्डात ते जमत नाही. तुमच्या इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरचा काही लेखी नियम असेल तर तो माझ्या सांगण्याच्या वर.

वस्तू खिशात ठेवायची की नाही हे ठरवायला मी एकच गोष्ट बघते: ती शेवटी कुठे जाऊन टेकणार आहे. जी वस्तू कातडीच्या आत, शिरेत, जखमेत किंवा कॅथेटरच्या तोंडाशी जाणार, ती खिशात कधीच नाही. जी पेशंटच्या अखंड कातडीला लागते आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाते, म्हणजे कात्री, टॉर्च, स्टेथोस्कोप, ती खिशात चालेल, पण मध्ये पुसली गेली पाहिजे. जी फक्त तुमच्याच हाताला लागते, पेन, हँडओव्हरचा (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती लिहून घ्यायचा) कागद, ती खुशाल खिशात.

पहिल्या प्रकारावर जरा थांबते, कारण तुमच्या यादीत सगळ्यात काळजीचं तेच आहे. कॅन्युलाचं पाकीट हातात घेऊन बघा. एका बाजूला कडक प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला कागद. आतली वस्तू निर्जंतुक राहते ती हा कागद कोरडा आणि अखंड आहे तोवर. खिशात पाकीट कात्रीच्या टोकाला घासतं, तुम्ही खुर्चीवर बसलात की मधोमध दुमडतं, घामाने ओलसर होतं, कोपऱ्यातलं सील केसाएवढं सुटतं. बाहेरून बघून काही कळत नाही. एक्सपायरीची तारीख लांब असली तरी ती धड ठेवलेल्या पाकिटासाठी असते. ओलं झालेलं, चुरगळलेलं किंवा कोपरा उघडलेलं पाकीट फेकायचं, हा नियम आपण सगळ्या शिकलो आहोत. खिशातली पाकिटं चार तासांनी नेमकी तशीच झालेली असतात. सिरिंज, थ्री-वे (सलाईनच्या नळीला जोडायची तीन तोंडांची चावी), निर्जंतुक गॉज सगळ्यांना हेच लागू.

भरलेला फ्लश तर खिशात नकोच. एक तर त्यावर लेबल नसतं आणि दहा एमएलच्या सिरिंजमधलं पाण्यासारखं औषध कुठलं हे दोन तासांनी तुम्ही छातीठोक सांगू शकणार नाही. नॉर्मल सलाईन, डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम क्लोराइड सिरिंजमध्ये सारखंच दिसतं. पोटॅशियमचं १० एमएलचं अँप्यूल, ज्यात आपल्याकडे साधारणतः २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, डायल्यूट न करता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं. म्हणूनच त्या अँप्यूल वॉर्डच्या साध्या स्टॉकमध्ये न ठेवता वेगळ्या, लेबल लावलेल्या जागी ठेवतात. ती जागा सोडून पोटॅशियम कुठेही नको, खिशात तर नकोच. दुसरं, सिरिंजची टोपी खिशात निघते. सुई नसेल तर सिरिंजचं तोंड कापडाला लागतं आणि तेच तुम्ही पेशंटच्या लाईनला जोडता. सुई लावलेली असेल तर ती तुमच्या मांडीत घुसते. तिसरं, अंगाच्या उष्णतेने औषध गरम होतं. इन्सुलिनची उघडलेली व्हायल साधारण २८ दिवस चालते ती थंड जागी, युनिफॉर्मच्या खिशात नाही. फ्लश हवा असेल तर पेशंटजवळ, वापरायच्या वेळी भरा. तयार सीलबंद फ्लश येत असेल तर उत्तम, पण त्याचीही जागा ट्रे.

खिशातल्या सुईने टोचलं तर, हे इथेच सांगून टाकते. जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट चोळू नका. लगेच इन्चार्जला आणि कॅज्युअल्टीला कळवा. सुई वापरलेली असेल तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, शक्यतो २ तासांत, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा. स्वतःचे हिपॅटायटिस बीचे तीन डोस आणि अँटिबॉडी टायटर (लसीने पुरेसं संरक्षण आलं का याची रक्ततपासणी) झालेत का, हे आजच बघून ठेवा.

ग्लोव्हज खिशात ठेवायची सवय सगळीकडे दिसते. खिशातून काढलेला ग्लोव्ह आधीच पेन, मोबाईल आणि तुमच्या हाताला लागलेला असतो. तो घालून तुम्ही फक्त स्वतःला वाचवता, पेशंटला नाही. ग्लोव्हजचा बॉक्स दर चार-सहा बेडमागे भिंतीवर किंवा ट्रॉलीवर हवा. नसेल तर इन्चार्जकडे मागायची गोष्ट हीच आहे, पाउच नव्हे.

आता ट्रे. आयव्ही, म्हणजे शिरेत कॅन्युला, लावायला जाताना एक किडनी ट्रे किंवा झाकणाचा स्टीलचा ट्रे घ्या. त्यात दोन कॅन्युला असाव्यात. मोठ्या माणसांच्या मेडिसिन वॉर्डात बहुतेक वेळा २२ नंबरची निळी आणि २० ची गुलाबी लागते. रक्त चढवायचं असेल तर १८ ची हिरवी घ्या, आणि २४ ची पिवळी फारच बारीक शिरांसाठी. दोन अशासाठी की पहिल्या प्रयत्नात शीर फुटली तर पुन्हा कपाटापर्यंत जावं लागत नाही. दोनपेक्षा जास्त नको. दोनदा जमलं नाही तर दुसऱ्या सिस्टरला बोलवायचं, तिसरा प्रयत्न आपण करायचा नाही. सोबत तीन अल्कोहोल स्वॅब, टूर्निकेट, थ्री-वे किंवा एक्स्टेंशनची जोडनळी, १० एमएलची सिरिंज आणि सलाईनचं अँप्यूल, ड्रेसिंगची पारदर्शक फिल्म, मायक्रोपोर, कोरडा कापूस आणि एक लेबल. या सगळ्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे सुया टाकायचा पांढरा छोटा डबा. तो ट्रेसोबत बेडपाशी गेलाच पाहिजे.

हा डबा बहुतेकदा राहतो. मग कॅन्युलाची सुई किडनी ट्रेमध्ये कापसाखाली ठेवून आख्खा वॉर्ड ओलांडला जातो आणि ती टोचते तुम्हाला नाही, ट्रे धुणाऱ्या मावशींना. सुई काढली की तिथल्या तिथे पांढऱ्या डब्यात. टोपी पुन्हा लावायची नाही. सुईशिवायची सिरिंज, आयव्ही सेट, वापरलेले ग्लोव्हज लाल पिशवीत, रक्त लागलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, काचेचं अँप्यूल निळ्या डब्यात. वरची कागदी पाकिटं साध्या कचऱ्यात. ही पाकिटं लोक घाईत खिशात कोंबतात. खिसा फुगण्याचं अर्धं कारण तेच असतं, एकदा उलटा करून बघा.

ड्युटी सुरू झाली की हँडओव्हर घेतल्यावर दहा मिनिटं देऊन असे दोन ट्रे लावून ठेवायचे, एक आयव्हीचा आणि एक ब्लड कलेक्शनचा. वापरला की लगेच भरायचा, ‘नंतर भरते’ म्हटलं की तो पुढच्या ड्युटीला रिकामा मिळतो. ही दहा मिनिटं सकाळच्या गडबडीत निघत नाहीत असं वाटतं, पण दर कॅन्युलामागे कपाटापर्यंतच्या दोन फेऱ्या वाचतात.

बिलाचं एक. पेशंटसाठी आलेलं सामान वापरलं नाही तर ते पाकीट अखंड असतानाच फार्मसीला रिटर्न करायचं. डिस्चार्जच्या वेळी नातेवाईक बिल घेऊन ‘चार कॅन्युला लावल्या, लागली एकच’ म्हणून उभे राहिले की ज्यांच्या खिशात कॅन्युला सापडतात त्यांची बाजू पडते, चूक असो वा नसो. नवीन माणसाने या भानगडीत पडूच नये.

आता खिशांकडे. मोकळे खिसे तीन आणि पँटचा एक धरू. छातीवरच्या खिशात क्लिपची दोन पेनं, बस. वाकल्यावर जे पडतं ते या खिशातलं. पेशंटच्या अंगावर, डोळ्याजवळ पडतं. कात्री, टॉर्च, थर्मामीटर काहीही इथे नको. क्लिप नसलेलं पेनही नको.

खालच्या दोन खिशांचे काम वाटून घ्या आणि मग ते कधीच बदलू नका. सरळ हाताच्या बाजूचा खिसा पेशंटला लागणाऱ्या वस्तूंचा: कात्री, मायक्रोपोर, टॉर्च. दुसरा खिसा फक्त तुमच्या हाताला लागणाऱ्यांचा: हँडओव्हरचा कागद, मार्कर, हँडरबची (हाताला चोळायच्या अल्कोहोलची) छोटी बाटली. मोबाईल पँटच्या खिशात, म्हणजे ट्युनिकच्या आड. असं केलं की न बघता हात बरोबर जागी जातो आणि पेशंटला लागलेली कात्री कागदाला लागत नाही. ग्लोव्हज घातलेला हात कुठल्याच खिशात जाता कामा नये. कात्री आधी काढून ट्रेत ठेवायची, मग ग्लोव्हज.

कात्री बोथट टोकाची बँडेज कात्री घ्या, साधारण १४ सेंटीमीटरची. तिचं खालचं पातं टोकाला चपटं असतं, बँडेजखाली सरकवलं तरी कातडी कापत नाही. टोकदार कात्री खिसा फाडते आणि वाकल्यावर जांघेत टोचते. जुन्या कॅन्युलाची पट्टी मात्र कात्रीने कापू नका. पट्टीखाली नळी असते आणि ती कापली गेली तर तुकडा शिरेतही जाऊ शकतो. पट्टी अल्कोहोल स्वॅबने ओली करून सोडवायची. खिशातली कात्री निर्जंतुक ड्रेसिंगला लावायची नाही, तिथे ड्रेसिंग सेटमधली. प्रत्येक पेशंटनंतर दोन्ही पाती आणि मधला स्क्रू ७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने पुसायचा. घाण साठते ती स्क्रूपाशी, पात्यावर नाही. नावाची पट्टी मुठीवर गुंडाळा, नाहीतर ती दुसऱ्या शिफ्टच्या खिशात जाते.

मायक्रोपोर. खिशातला रोल लिंट, केस आणि धूळ गोळा करतो. कडा काळपट झालेला रोल तुम्ही रोज बघता. तोच रोल आठ पेशंटांच्या कॅन्युलावर जातो. आयसीयूत प्रत्येक पेशंटचा रोल वेगळा ठेवतात. वॉर्डात ते परवडत नसेल तर अर्धा इंची छोटा रोल छोट्या झिपच्या पिशवीत ठेवा, वापरण्याआधी वरचा एक वेढा फेकून द्या आणि टोक दुमडून ठेवा, म्हणजे ग्लोव्हजने शोधत बसावं लागत नाही. पट्ट्या आधीच फाडून बेडच्या रेलिंगवर किंवा सलाईन स्टँडवर चिकटवून ठेवायची पद्धत सोडा. ते रेलिंग दिवसभर सगळे धरतात आणि ती पट्टी आता सुईच्या भोकाशेजारी बसणार आहे. ट्रेच्या स्वच्छ आतल्या कडेवर लावा.

टूर्निकेटचा प्रश्न त्याच्या जागेपेक्षा तो परत येण्याचा आहे. उशीखाली राहतो, चादरीत गुंडाळून धोबीखान्यात जातो आणि सगळ्यात वाईट म्हणजे हातावर, बाही खाली ओढलेली असताना, तसाच राहतो. बांधल्यावर एका मिनिटाच्या आत सोडायचा. बेड सोडताना ट्रेमध्ये टूर्निकेट दिसला पाहिजे, दिसत नसेल तर पेशंटचा हात बघायचा. म्हणून तो खिशात नको. त्याची जागा खिशात असेल तर तो परत आला नाही हे लक्षात येत नाही. ग्लोव्ह कापून बांधायची सवय असेल तर त्याची गाठ एका ओढीत सुटेल अशीच मारा. रुंद पट्ट्याचा, पुसता येणारा टूर्निकेट स्वस्त मिळतो, तोच बरा.

टॉर्च पेनएवढा, पिवळसर मंद प्रकाशाचा. मोबाईलचा टॉर्च डोळ्यांच्या बाहुल्या बघायला वापरू नका. त्याचा झोत फार तीव्र असतो, पेशंट डोळे घट्ट मिटतो आणि शिवाय मोबाईल पेशंटच्या चेहऱ्याजवळ जातो. स्टेथोस्कोप गळ्यात लटकवण्यापेक्षा ट्रॉलीच्या हुकावर. गोंधळलेला पेशंट तो ओढतो, आणि मानेच्या तेलाने नळी कालांतराने कडक होऊन तडकते. ओळखपत्राची दोरीही ओढली की सुटणारी हवी, नाहीतर क्लिपचं कार्ड.

पेनं निळं, काळं आणि तुमच्याकडे नाईटच्या नोंदी लाल शाईने होत असतील तर लाल. चांगलं पेन स्वतःसाठी ठेवायचं असेल तर डॉक्टरांना राऊंडला द्यायला एक साधं वेगळं ठेवा. ते पेन परत येत नाही, हे गृहीत धरा. मार्करने सलाईनच्या बाटलीवर सरळ लिहू नका, लेबलवर लिहून चिकटवा: पेशंटचं नाव, घातलेलं औषध आणि डोस, सुरू केल्याची वेळ, सही.

हँडओव्हरचा कागद लोक हलक्यात घेतात. एक ए-फोर तीनदा दुमडला की आठ चौकोन होतात, एका बेडला एक. प्रत्येक चौकोनात डाव्या कडेला औषधांच्या वेळा, मध्ये नाव-निदान आणि अ‍ॅलर्जी, खाली बाकी कामं. आयव्ही बदलायची तारीख आणि लघवीचा हिशोब याच कागदावर लिहून ठेवला की चार्ट भरताना आठवावं लागत नाही. पण हा कागद चार्ट नाही. बीपी, शुगर, दिलेलं औषध दिल्या दिल्या चार्टवर गेलं पाहिजे. ड्युटी संपताना फाडून टाका. पेशंटचं नाव आणि आजार लिहिलेला कागद लोकल ट्रेनमध्ये किंवा रिक्षात पडता कामा नये.

घड्याळ मनगटावर नको, हात धुताना कोपरापर्यंत काहीच नको. छातीला पिन करायचं उलट्या डायलचं घड्याळ घ्या, सेकंद काटा असलेलं, सिलिकॉनच्या कव्हरचं. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची असते तेव्हा आणि ड्रिप लावताना ते लागतंच. आपल्याकडचे बरेच साधे सेट २० थेंबांना १ एमएलचे असतात, मायक्रो ६० चे, पण पाकिटावर बघून घ्या. ५०० एमएल ८ तासांत म्हणजे २० च्या सेटवर मिनिटाला २१ थेंब. हे दोन-चार हिशोब हँडओव्हरच्या कागदाच्या मागे लिहून ठेवले तर चालतं. पिन कापडाच्या एका पदरात घालू नका, वजनाने ओघळते. आतून चिकटपट्टीचा तुकडा लावून दुहेरी करा.

हँडरब ५० किंवा १०० एमएलची, झाकण दाबून उघडणारी नव्हे तर फिरवून बंद होणारी. खिशात उघडली की कागद आणि मोबाईल दोन्ही जातात. प्रत्येक बेडला भिंतीवर हँडरब असेल तर ही बाटली नकोच. तळव्यात भरून घ्यायची आणि २० ते ३० सेकंद, अंगठे आणि बोटांची टोकं धरून, सुकेपर्यंत चोळायची. हात दिसायला घाण असतील किंवा पेशंटला जुलाब असतील तर साबण-पाण्यानेच, ४० ते ६० सेकंद. जुलाबाच्या काही जंतूंच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही.

किल्ल्यांचं वेगळं आहे. मॉर्फिन, फेंटॅनिलसारख्या औषधांच्या दुहेरी कुलपाची किल्ली त्या ड्युटीला जबाबदार सिस्टरच्या अंगावर, पिनने किंवा पट्ट्याने अडकवलेली असते. ती हँडओव्हरला नोंदवहीत मोजणी करून हातात द्यायची. ‘खिशात राहिली, घरी गेली’ हे या एका किल्लीबाबत अक्षरशः पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. ही किल्ली नवीन सिस्टरने दुसऱ्यासाठी थोडा वेळही सांभाळू नये. औषध तर कधीच खिशात नाही, एक अँप्यूल सुद्धा.

आता पाउच. माझं मत: जनरल वॉर्डात, ट्रे लावायची सवय झाल्यावर, फार तर कात्री, टेप, टॉर्च, पेन आणि कागदासाठी. घेतलाच तर कापडाचा नको. कापड बेडच्या कडेला, चादरीला घासतं आणि कोणी ते रोज धुवत नाही. पुसता येईल असं मटेरियल, आत कमीत कमी शिवणी, दोन कप्पे, बकल एका हाताने उघडणारं. मोठा पाउच हमखास भरतो. म्हणून छोटाच घ्या आणि भरल्यावर अर्ध्या किलोच्या वर जात असेल तर रिकामा करा, कंबर पुढे ओढली जाते आणि वाकणं आपल्या कामात कमी नाही. रोज ड्युटीच्या शेवटी रिकामा करून आतून-बाहेरून पुसायचा आणि हॉस्पिटलमध्येच ठेवायचा. आयसोलेशनच्या खोलीत पाउच, स्टेथोस्कोप, खिशातलं सगळं बाहेर ठेवून आत जायचं आणि तिथलं सामान तिथेच राहील असं बघायचं. तुमच्या हॉस्पिटलने पाउचला मनाई केली असेल तर त्यावर वाद घालू नका.

युनिफॉर्म शिवून घेणार असाल तर पाउचपेक्षा शिंप्याला दिलेले पैसे जास्त कामी येतात. खालचे खिसे १६ सेंटीमीटर खोल, तोंड थोडं तिरकं, दोन्ही कोपऱ्यांवर दुहेरी टाके. सरळ हाताच्या खिशात कडेला कात्रीएवढं ३ सेंटीमीटर रुंद पार्टिशन. आतल्या बाजूने पँटला झिपचा एक खिसा, पाचशेची नोट आणि एटीएम कार्डासाठी. युनिफॉर्मचा खिसा जितका खोल तितकं त्यात सामान साठतं, म्हणून वीस सेंटीमीटरचा मागू नका.

मंगळसूत्राचं प्रत्येकीचं घर वेगळं असतं, त्यावर मी मत देणार नाही. कामाच्या दृष्टीने लांब मंगळसूत्र बाहेर लोंबता कामा नये. वाकल्यावर ते ड्रेसिंगमध्ये पडतं आणि गोंधळलेला पेशंट ओढतो. छोटं असेल तर ट्युनिकच्या गळ्याच्या आत, लांब असेल तर आतल्या कपड्याला पिन करून. बांगड्या नको, काचेच्या तर अजिबात नको, अंगठी साधी गुळगुळीत किंवा तीही नको. खड्याच्या अंगठीखाली हँडरब पोचत नाही आणि ग्लोव्ह फाटतो. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) किंवा एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) बदली झाली तर तिथे सगळं काढावं लागेल. सोनं हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये ठेवण्यापेक्षा घरी ठेवा.

पर्स नर्सिंग स्टेशनच्या ड्रॉवरमध्ये किंवा खुर्चीखाली नाही. चेंजिंग रूमच्या लॉकरला स्वतःचं कुलूप लावा, एक किल्ली घरी. लॉकरमध्ये धुतलेला एक जास्तीचा युनिफॉर्म, आतले कपडे, मोजे, सॅनिटरी पॅड, केसांचे क्लिप, आणि स्वतःची रोजची औषधं असतील तर दोन दिवसांची. पॅडसाठी ड्युटीत वेगळा छोटा बटवा घेऊन पँटच्या खिशात ठेवला तर लॉकरपर्यंत जावं लागत नाही. पाण्याची बाटली पॅन्ट्रीत. औषधं तयार करायच्या टेबलावर खाणं-पिणं नको आणि इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये डबा तर नकोच. सारखं दार उघडलं की तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर जाऊ शकतं, आणि तपासणीला आलेल्या माणसाला पहिलं तेच दिसतं.

मोबाईल सायलेंटवर. कव्हर काढून फोन बंद करून ७० टक्के अल्कोहोलने किंचित ओलसर कापडाने, भोकांत ओल जाणार नाही असा, दोन्ही बाजूंनी पुसायचा, ड्युटी संपताना एकदा आणि घाण हाताने धरला गेला तर तेव्हा. पेशंटची जखम किंवा चार्ट डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची सवय असेल तर हॉस्पिटलची परवानगी लेखी असू द्या, आणि फोटो गॅलरीत ठेवू नका.

ड्युटी संपली की युनिफॉर्म तिथेच बदला, तो घालून बसने घरी जाऊ नका. बदलण्याआधी सगळे खिसे टेबलावर उलटे करा. अँप्यूल, चिठ्ठी, टोपी, काहीही असेल तर आता दिसेल. युनिफॉर्म वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, घरी बाकीच्या कपड्यांत मिसळू नका. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात, गरम पाण्याने तो बसतो, मग कापड सहन करेल तेवढ्या गरम पाण्यात डिटर्जंटने. कडक उन्हात वाळवून इस्त्री करा.

आणि घरी पोचल्यावर खिशात एखादी कॅन्युला सापडली तर? दुसऱ्या दिवशी गुपचूप कपाटात परत ठेवू नका. त्या पाकिटाचा काय प्रवास झाला हे कोणालाच माहीत नाही. इन्चार्जला सांगा, त्या पेशंटच्या बिलात ती गेली असेल तर दुरुस्त करून घ्या. कॅन्युला सीलबंद असली तरी आत सुई आहे, म्हणून पाकीट उघडून सुई पांढऱ्या डब्यात टाका आणि उरलेलं प्लास्टिक लाल पिशवीत.